मामाजी बसले होते

"डोळे मिटा बाई," माणिकराव म्हणाला, "अन् पीस जिथं लागंल तिथं बोट ठेवा. बस, एवढंच."

वच्छलाबाईने डोळे मिटले. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. थोरली जाऊ तानुबाई हिने मागून तिच्या लुगड्याचा काठ गुडघ्याच्या चार बोटं वर उचलून धरला होता. तिथे, गुडघ्यामागच्या खळगीच्या जरा वर, तळहाताएवढा एक लालसर गोल डाग होता. कडेने उठलेला, मधे फिका पडलेला. माणिकराव सरकारचा महारोग तपासणारा माणूस. गावोगाव फिरून घरोघरच्या माणसांच्या अंगावरचे डाग बघायचे हे त्याचं काम. राज्य नवं होतं, योजना नवी होती, आणि त्यालाही नोकरी लागून फार दिवस झाले नव्हते.

ओट्यावर बाजेवर तिचे सासरे, म्हणजे तिचे मामाजी, उकंडराव बसले होते. त्यांची नजर सुनेकडे नव्हती, माणिकरावाच्या हाताकडे होती. माणिकराव शेजारच्या रोहिणखेडच्या बौद्धवाड्यातला. थोड्या वर्षांपूर्वी त्याचा बाप या दारापर्यंत यायचा आणि उंबऱ्याबाहेर थांबायचा. आता मुलगा पायजमा-सदरा घालून, खांद्याला सरकारी पिशवी लावून अंगणात आला होता. त्याला नाही म्हणता येत नव्हतं म्हणून उकंडरावांनी आधीच सांगून ठेवलं होतं, "तपासायचं थे दुरून तपासा, मास्तर. हात लावायचं काम नाई."

महारोगाच्या डागाला स्पर्श कळत नाही, म्हणून पीस. पण खरं तर या तपासणीत हातच लावायचा असतो. गुडघ्याच्या बाजूची शीर बोटांनी चाचपून बघायची असते, जाड झाली आहे का ते. पण माणिकराव हातभर अंतरावर उकिडवा बसला आणि हात लांब करून त्याने पीस टेकवलं.

वच्छलाबाईला ते लागलं. डागाच्या खालच्या कडेला, इतकं स्पष्ट की गुदगुल्या झाल्या आणि तिने ओठ दाबून धरला. पण बोट ठेवायचं म्हणजे हात मागे न्यायचा, आपल्याच उघड्या मांडीवर टेकवायचा, तोही मामाजी बसलेले असताना. ओट्यावर मामाजी खोकले की सुना आत सरायच्या असं ते घर. तिचा हात उठला नाही.

"लागलं का?" माणिकरावाने विचारलं. ती गप्प. त्याने पुन्हा पीस टेकवलं, या वेळी मधोमध. तेही लागलं. तिसऱ्या वेळी तिने हिय्या करून हात कमरेपर्यंत आणला, तेवढ्यात ओट्यावर उकंडराव खाकरले. हात कमरेवरच राहिला.

"समजत नाई त्याइले," माणिकराव म्हणाला. हे तो तिला नाही, उकंडरावांना म्हणाला. "डाग सुन्न हाये."

आता कुणी म्हणेल, बाईला तोंड नव्हतं का? होतं, आणि चांगलं तिखट होतं. वजनात मारणाऱ्या भाजीवालीला ती गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकवत जायची. पण ते तोंड ओट्याच्या त्या बाजूला चालायचं नाही. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून तिने सासऱ्यांशी एक शब्द सरळ बोललेला नव्हता. बोलायचं असलं की तानुबाईच्या लहान पोराला पुढे घालायचं, नाहीतर भिंतीला सांगायचं. आणि डाग सुन्न आहे हे वाक्य काही भिंतीला सांगून खोडता येण्यासारखं नव्हतं.

माणिकराव वाईट माणूस नव्हता. त्याने ओट्याखाली उभं राहून नीट समजावलं की हा रोग असा पटकन कुणाला लागत नाही, गोळ्या घेतल्या की बरा होतो, बाईंना घरातच राहू द्या. पहिल्या महिन्याच्या गोळ्याही तो देऊन गेला. उकंडरावांनी यातला रोगाचा शब्द तेवढा ऐकला. दुसऱ्या दिवशी वच्छलाबाईची ताट-लोटी वेगळी झाली आणि गोठ्याला लागून जी कडब्याची खोली होती ती झाडून तिला दिली गेली. तिथेच तीन दगडांची चूल मांडली. तिची मुलगी कोकिळा तेव्हा नुकती अंगावरचं सोडून भाकर-दूध खायला लागली होती. ती तानुबाईकडे गेली.

तानुबाई दुष्ट असती तर बरं झालं असतं. चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. पण तिला दोन मुलगेच होते, मुलीची हौस होती, आणि तिने कोकिळेला जीव लावला. गोठ्याच्या दारातून वच्छलाबाईला दिसायचं, पोर तानुबाईच्या मांडीवर बसून तिच्या हातून दूध-भाकरीचा घास घेते. जवळ यायची मनाई होती. पोर हात हलवायची आणि वच्छलाबाईही हलवायची.

नवरा शेषराव विहिरीवर मोट सोडत होता तेव्हा तिने त्याला गाठलं.

"मले समजलं होतं," ती म्हणाली.

"काय समजलं होतं?"

"पीस. तिनई खेपा."

शेषरावाने बैलाचा कासरा तसाच धरून ठेवला. "मंग बोट काऊन नाई ठेवलं?"

"मामाजी बसले होते."

शेषरावाला ते पटलं. सगळी अडचण तिथेच होती. पटलं, पण ते बापाला कोणत्या तोंडाने सांगायचं? बाबा, तुम्ही बसला होता म्हणून माझ्या बायकोने मांडीवर बोट ठेवलं नाही, असं? शेषराव मऊ माणूस. बापासमोर पानसुपारीही न खाणारा. तरी तो दोनदा ओट्यावर जाऊन उभा राहिला. दोन्ही वेळा सरकी किती भिजवायची ते विचारून परत आला. वच्छलाबाईने कपाळावर हात मारला.

"अन् थो डाग गोचिडीचा हाये," ती त्याला म्हणाली. "घाटातून ढोरं आले ना, तवाची गोचीड चावली होती मले तिथं. म्याच तोडून चुलीत टाकली."

हे खरं होतं. उन्हाळ्यात गावची ढोरं चाऱ्यासाठी वर घाटातल्या जंगलात बसवत. परत यायची ती गोचिडांनी भरून. मग बायका बसून एकेक गोचीड उपटायच्या आणि विस्तवात टाकायच्या. तशाच एका दुपारी वच्छलाबाईला स्वतःच्या गुडघ्यामागे काहीतरी लागलं. तिळाएवढी, रुतून बसलेली. तिने ती नखाने उपटली आणि विसरून गेली. आठवड्याभराने तिथे लाल ठिपका आला आणि मग पाण्यात खडा पडावा तसा तो पसरत गेला. अंगात कसर होती, मान दुखत होती. पण पेरणीच्या दिवसांत मान कुणाची दुखत नाही?

महिन्याने रोहिणखेडला लिंबाच्या झाडाखाली माणिकराव गोळ्या वाटायला बसला, तेव्हा ती रांगेत उभी राहिली. रांगेतल्या कुणाची बोटं झडलेली होती, कुणाचं नाक बसलेलं होतं. त्या माणसांकडे तिला बघवेना, आणि आपल्याला बघवत नाही याचीही तिला लाज वाटली. नंबर आल्यावर तिने डोक्यावरचा पदर सावरला आणि सरळ सांगितलं.

"भाऊ, त्या दिवशी मले समजलं होतं. लाजेनं सांगतलं नाई. पुन्हा तपासा."

माणिकराव चांगला चपापला. त्याने गोळ्या वाटायचं थांबवून तिला झाडामागे नेलं आणि पिशवीतून पीस काढलं. "दाखवा डाग."

डाग नव्हता. गेल्या आठ-दहा दिवसांत फिका होत होत तो निघून गेला होता. नुसती कातडी राहिली होती, बाकीसारखीच. माणिकरावाचा चेहरा खुलला. "अरे वा," तो म्हणाला. "गोळ्या लागू पडल्या की तुम्हाले. इतक्या लवकर कुणाले पडत नाईत."

"पण भाऊ, थो डागच तसा नव्हता. गोचीड चावली होती तिथं."

"गोचिडीनं असा डाग होत नसते बाई. गोचीड तं साऱ्याइलेच चावते."

"मंग आता तपासा ना. पाहा समजते का नाई."

"आता समजंलच. गोळ्या चालू हायेत ना."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समजत नव्हतं तर रोग होता, समजतं तर गोळ्यांनी समजतं. आता काय करावं माणसाने? माणिकराव मात्र प्रामाणिकपणे खूश होता. त्याने तिला पुढच्या महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि सोडू नका म्हणून बजावलं. वाटेत एका ओढ्यापाशी त्या गोळ्या फेकून द्यायचं तिच्या मनात आलं. पण मग गोळ्या टाकणारीचं कोण ऐकून घेतलं असतं? तिने त्या कमरेला खोचल्या.

पोळ्याच्या सुमाराला एक दिवस चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळायला लागलं. दुपारपर्यंत अर्धा चेहरा लोंबला. डावा डोळा मिटेना. ती आरशात बघून बसून राहिली. दारात शेषराव आला, त्याने पाहिलं आणि तोंड फिरवलं. रडू येतं म्हणून फिरवलं, पण तिला ते कसं कळणार?

आता गावालाही शंका उरली नाही. वाकडं तोंड म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. घरात उकंडराव तानुबाईला, तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पाह्यलं ना? म्हणे गोचीड चावली." माणिकराव मुद्दाम सायकलवरून बघायला आला. त्यानेही मान हलवली आणि या रोगात असं होतं म्हणून सांगितलं. झोपताना डोळ्यावर ओली पट्टी बांधायला शिकवली. तेवढं त्याचं बरोबर होतं, डोळा वाचला. तुरीला शेंगा धरेपर्यंत तोंड आपोआप सरळ झालं. आणि ते कशाने झालं म्हणून सगळ्यांनी धरलं, हे सांगायला नकोच.

"गोळ्या सोडू नको व," तानुबाई अंगणातून म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. "पाह्य, कसं सरळ झालं."

"माह्या आंगावर उद्या सोनं पिकलं तरी तुमी गोळ्यानंच पिकलं म्हणसान," वच्छलाबाई म्हणाली आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात गुडघे सुजले. आधी डावा, मग उजवा. बेलाच्या फळाएवढे टरारले आणि हात लावला की गरम लागायचे. उकिडवं बसता येईना, म्हशीखाली बसता येईना. आठ-पंधरा दिवसांनी सूज उतरायची, आता बरं वाटेल म्हणून ती कामाला लागायची आणि पुन्हा एका सकाळी पाय जमिनीला टेकवेना. माणिकरावाने या वेळी मात्र डोकं खाजवलं. गुडघे असे सुजणं त्याच्या शिकवणीत बसत नव्हतं. तरी गोळी तीच. त्याच्या पिशवीत दुसरी गोळीच नव्हती.

तोंड वाकडं झालं त्या पोळ्यापासून दुसऱ्या पोळ्यापर्यंत हे असं चाललं. शेवटी शेषरावाने, उभ्या जन्मात पहिल्यांदा, बापाला न विचारता एक गोष्ट केली. गोठ्याशी छकडा लावला, बायकोला उचलून बसवलं, रस्त्यापर्यंत नेलं आणि तिथून एस.टी.ने बुलढाण्याला. तिथे एक डॉक्टरीणबाई नवीन आल्या आहेत, बायामाणसांना तपासतात, असं त्याने बाजारात ऐकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधी शेषरावाला बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं. मग वच्छलाबाईला टेबलावर झोपवून कोपरापासून घोट्यापर्यंत दोन्ही हातांनी चाचपलं. नवऱ्याने छकड्यात उचलून बसवलं ते सोडलं तर सव्वा वर्षात तिला कुणी हात लावला नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बाईंना वाटलं, दुखतंय.

"दुखतं का?"

"नाई जी. चालू द्या."

त्यांनी कापसाच्या बोळ्याने पाय, पाठ, हात, सगळं तपासलं. वच्छलाबाईने फटाफट बोट ठेवलं. मग बाईंनी तिच्या कानाच्या पाळीला बारीक चिरा देऊन काचेवर रस घेतला आणि दुसऱ्या दिवशी या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी शांतपणे सांगितलं, "तुम्हाला महारोग नाही. होता असंही मला वाटत नाही. तुमच्या शिरा अगदी चांगल्या आहेत."

वच्छलाबाईचा जीव भांड्यात पडला. मग तिने सगळं सांगितलं. पीस, मामाजी, डाग कसा पसरला, तोंड, गुडघे. गोचिडीचंही सांगितलं, जरा भीत भीतच, कारण गोचीड म्हटलं की लोक हसतात हे तिला पाठ झालं होतं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोनदा विचारलं, गोचीड केवढी होती, डाग किती दिवसांनी आला. मग कपाटातलं एक जाड पुस्तक काढून चाळलं.

"गुडघ्यांसाठी पेनिसिलीन देते," त्या म्हणाल्या. "सांध्यांच्या तापात देतात ते. रोज यावं लागेल. उपयोग होईल असं वाटतंय."

शेषरावाच्या ओळखीच्या एका अडत्याच्या पडवीत दोघं राहिले. रोज सकाळी वच्छलाबाई शेषरावाच्या खांद्याला धरून दवाखान्यात जायची आणि कमरेत सुई घ्यायची. हळूहळू गुडघे उतरले. एक दिवस ती कुणाला न धरता दवाखान्याच्या पायऱ्या चढली. पडवीत तिने त्याच्यासाठी भाकरी केल्या आणि तो तिच्याजवळच बसून जेवला.

निघताना तिने विचारलं, "मंग डॉक्टरीणबाई, मले झालं होतं काय?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही. डाग, तोंड, गुडघे हे सगळं एकाच रोगाचं असावं असं वाटतं. पण असा रोग माझ्या पुस्तकात नाही."

"मंग मी घरी जाऊन सांगू काय?"

"महारोग नाही, असं सांगा."

"थे विचारतीन, मंग काय हाये?" वच्छलाबाईचा आवाज चढला. "तुमी शिकलेल्या. एखांदं नाव द्या ना. कोणतंबी द्या. मी का पाह्याले येते, थे नाव खरं हाये का खोटं?"

"खोटं नाव कसं देऊ?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याही चिडल्या होत्या, पण तिच्यावर नाही. "पाहिजे तर लिहून देते, महारोग नाही म्हणून."

"मामाजीले वाचता येत नाई," वच्छलाबाई म्हणाली आणि उठली.

त्या रोगाला नाव मिळायला अजून दहा-बारा वर्षं जायची होती, आणि तेही सातासमुद्रापलीकडे. अमेरिकेतल्या लाइम नावाच्या गावच्या पोरांचे गुडघे सुजायला लागले, त्यांच्या आयांनी डॉक्टरांच्या मागे लकडा लावला, तेव्हा कुठे शोध लागला की तिळाएवढी गोचीड चावते, गोल डाग पसरतो, तोंड वाकडं होऊ शकतं, गुडघे धरतात, आणि पेनिसिलीनच्या जातीच्या औषधांनी उतारा पडतो. वच्छलाबाईला तोच रोग होता असं आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. तपासायला काही उरलेलंच नाही. पण तिच्या दुखण्याला गावाने जे नाव दिलं ते त्याचं नव्हतं, एवढं नक्की. आणि ते काढून टाकायला दुसरं नाव कुणाजवळ नव्हतं, याचा संताप आजही येतो.

घरी तसंच झालं. शेषरावाने ओट्याशी उभं राहून सांगितलं, डॉक्टरीण म्हणते महारोग नाही. उकंडरावांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "मंग काय हाये?"

"थे तिलेबी माईत नाई म्हणते."

"हां," उकंडराव म्हणाले. "म्हणजे तिले काईच माईत नाई." आणि बार तोंडात टाकला. विषय तिथे संपला. वच्छलाबाई चालत गोठ्याकडे गेली. 

दिवाळी झाल्यावर सर्वेक्षणाची फेरी पुन्हा आली. माणिकराव तीच पिशवी घेऊन अंगणात आला. ओट्यावर त्याच बाजेवर उकंडराव होते. कपाशी वेचायला जायची तयारी चालली होती, म्हणून शेषराव आणि तानुबाईही घरातच होते. वच्छलाबाई गोठ्यातून आली ती सरळ अंगणाच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"मास्तर, माही तपासणी करा. आत्ता. इथंच."

माणिकराव गोंधळला. उकंडरावांनी ऐकलं आणि रीतीप्रमाणे उठून आत जायला निघाले. सुनेची तपासणी सासऱ्याने बघू नये, हे त्यांना या वेळी सुचलं होतं.

"मामाजी," वच्छलाबाई म्हणाली. "बसा."

अंगणात सगळे जागच्या जागी थांबले. तानुबाईच्या हातातली दुरडी तशीच राहिली. ती सून पहिल्यांदा त्या म्हाताऱ्याशी सरळ बोलत होती. उकंडराव बसले नाहीत, पण गेलेही नाहीत. ओट्याच्या खांबाला धरून उभे राहिले.

वच्छलाबाईने लुगडं स्वतःच्या हाताने वर घेतलं. गुडघ्याच्या वर, डाग होता त्याच्याही वर. शेषरावाने मान खाली घातली. तिने डोळे मिटले.

"दुरून नाई," ती म्हणाली. "आधी हात लावून शीर पाहा. जशी पाह्याची असते तशी."

माणिकरावाने एकदा ओट्याकडे पाहिलं. मग पुढे होऊन, जमिनीवर गुडघा टेकून, त्याने तिच्या गुडघ्याची शीर दोन बोटांनी चाचपली. दुसऱ्या पायाचीही.  "जाड नाई," तो हळूच म्हणाला. "बिलकुल जाड नाई." मग त्याने पीस काढलं.

पीस टेकलं, तिने बोट ठेवलं. "इथं." जरा वर टेकलं. "इथं." आतल्या बाजूला टेकलं, तिने मांडीवर फाडकन हात मारला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "इथं. इथं समजते मले. अन् त्या दिवशीबी समजलं होतं."

माणिकराव उठला. त्याने पीस पिशवीत ठेवलं. मग उकंडरावांना म्हणाला, "भाऊसाहेब, माही चूक झाली. त्या दिवशी हात लावून पाह्याले पाह्यजे होतं. याइले कधीच नव्हता थो रोग. मी वर साहेबाइले सांगतो तसं."

उकंडरावांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. ते सुनेकडे पाहत होते, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच. म्हातारा दगड नव्हता. 

"समजलं होतं, तं मंग त्या दिवशी बोल्ली काऊन नाई?"

"तुमी बसले होते," वच्छलाबाई म्हणाली आणि लुगडं खाली सोडलं.

उकंडराव ओट्यावरून उतरले. मग पायात वहाणा घालून वावराकडे निघून गेले. जाताना दारात तानुबाईला एवढंच म्हणाले, "आज चुलीपाशी तिले बसू दे."

दुपारी मोठ्या चुलीपाशी वच्छलाबाई बसली. हाताला पिठाची सवय होतीच, या मोठ्या चुलीवरच्या तव्याची राहिली नव्हती, पहिली भाकर एका अंगाने करपली. शेषराव ती करपलेलीच मागून घेऊन जेवला. उकंडराव आले, पाटावर बसले, खाली मान घालून जेवले आणि उठताना ताट स्वतः उचलून मोरीत ठेवलं. त्या घरात पुरुषाने ताट उचलायची रीत नव्हती.

मग पोरं जेवायला बसली. तानुबाईचे दोन मुलगे आणि कोकिळा. कोकिळा आता चांगली बोलणारी झाली होती. तिने चुलीकडे पाहिलं. तिथे गोठ्यातली बाई बसली होती, जी लांबून हात हलवायची. वच्छलाबाईने गरम भाकर तिच्याकडे केली.

पोरीने घेतली नाही. ती सरकून तानुबाईला चिकटली. "मोठीमाय, तू दे," ती म्हणाली.

"घे ना व, माय हाये तुही," तानुबाई म्हणाली. तिच्या कपाळाला घाम आला होता. "घे. काई नाई होत."

"तू दे," पोरगी म्हणाली.

तानुबाईने वच्छलाबाईकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिच्या तोंडावर असा अपराधी भाव कधी आला नव्हता. वच्छलाबाईने हात जरा वळवला आणि भाकर तानुबाईच्या पुढ्यातल्या ताटात ठेवली.

"द्या तिले तुमीच," ती म्हणाली. "भाकर थंडी होऊन राह्यली."

तानुबाईने भाकर दुधात कुस्करली आणि घास करून पोरीच्या तोंडात घातला. पोरगी खाऊ लागली. वच्छलाबाईने परातीत पीठ ओढलं, पाणी घातलं आणि पुढच्या भाकरीचा गोळा मळायला घेतला.